जुनी फटफटी आणि रानवाट

श्रोतेहो, तुमच्या गावात कोणाच्या तरी पडवीत, कडब्याच्या पेंढ्यांआड, वर पोते टाकून ठेवलेली एखादी जुनी जावा नाहीतर येझदी असेल. कधीकाळी तिच्यावरून कोणी मास्तर शेजारच्या गावी शाळेला जात, कोणी दुधाचे कॅन लटकावून डेअरीवर जात. आता टाकी गंजली, टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी घर केले. आणि घरातला नातू एक दिवस म्हणतो, "आबा, ही गाडी मी काढतो. हिचे मडगार्ड कापतो, सायलेन्सर वर घेतो, गोट्यांचे टायर घालतो आणि डोंगरात नेतो." आबांच्या पोटात गोळा येतो. नातू हट्टाला पेटतो. आज मला त्या दोघांशीही बोलायचे आहे.

पहिल्याप्रथम आबांना सांगतो, की पोराची कल्पना अगदीच वेडी नाही. रानवाटेची म्हणून वेगळी मोटारसायकल कारखान्यातून निघू लागली ती फार उशिरा. १९२४ साली इंग्लंडात कँबर्ली येथे माळावरची जी शर्यत झाली, तिला 'स्क्रँबल' म्हणजे धडपडत, खरडत जाणे असे नाव पडले. त्यात धावल्या त्या रस्त्यावरच्याच गाड्या, नको ते भाग उतरवलेल्या. तेव्हा जुन्या गाडीला रानासाठी तयार करणे हा उद्योग फटफटीइतकाच जुना आहे म्हणाना. आणि जावाला तर रान परके नाहीच. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या गृहस्थांनी वांडरर कंपनीचा मोटारसायकलींचा कारभार घेतला. 'यानेचेक'मधला 'या' आणि 'वांडरर'मधला 'वा' घेऊन नाव झाले यावा, आपण म्हणतो जावा. पुढे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय रानशर्यत चेक संघाने या गाड्यांवर अनेकदा जिंकली. आपल्याकडे म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना निघाला, १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या, १९७३ मध्ये त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. हल्ली याच नावांच्या नव्या गाड्या पुन्हा निघाल्या आहेत, त्यात रानवाटेची म्हणूनही एक आहे. पण त्यांचे इंजिन चार टप्प्यांचे, सर्वस्वी निराळे. त्यांचा सुटा भाग आबांच्या गाडीला बसायचा नाही, हे दुकानात जाण्यापूर्वी लक्षात असू द्या.

आता नातवाला सांगतो. बाबा रे, एकच भेद ध्यानात धर. काही बदल पान्याने होतात, काही करवतीने. पान्याने केलेला बदल उद्या पान्यानेच मागे फिरवता येतो. करवतीने कापलेले आणि वेल्डिंगने जोडलेले मागे फिरत नाही. म्हैसूरचे दार बंद होऊन आता तीस वर्षे होत आली. मूळ मडगार्ड, मूळ सायलेन्सर, मूळ टाकी एकदा गेली की जुन्या बाजारात हिंडून, मागतील ती किंमत मोजूनच मिळायची. म्हणून जो भाग उतरवशील तो तेलाचा हात फिरवून, पोत्यात बांधून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेव. आबांच्या पोटातला गोळा निम्मा तिथेच उतरेल.

पण बदल करण्याआधी गाडी चालती झाली पाहिजे. तुम्ही म्हणाल, त्यात काय, मिस्त्रीला बोलावू. बोलवा जरूर, पण त्याने काय पाहिले पाहिजे हे तुम्हाला माहीत असलेले बरे. हे इंजिन दोन टप्प्यांचे, एका सिलिंडरचे, सुमारे अडीचशे सी.सी.चे. मास्तर मंडळी, तुम्ही वर्गात चार टप्प्यांचे इंजिन शिकवता; त्यात पिस्टनला तेल खालच्या तेलघरातून मिळते. इथे तसे तेलघर नाही. पेट्रोल आणि हवा आधी पिस्टनखालच्या पोकळीत, क्रँकच्या घरात शिरते आणि तिथून वर जाते. पेट्रोलमध्ये जे ऑइल मिसळले असेल तेवढेच काय ते पिस्टनला, रिंगला आणि बेअरिंगला मिळते. या एका गोष्टीतून जुन्या जावाच्या बहुतेक दुखण्यांचा उलगडा होतो.

आता असे पाहा. ते क्रँकचे घर हवाबंद असायला हवे. दोन्ही बाजूंना रबरी सील असतात. गाडी वीस वर्षे उभी राहिली की हे सील वाळून कडक होतात. क्लचच्या बाजूचा सील गेला, तर गिअरचे ऑइल आत ओढले जाते आणि गाडी ढगासारखा पांढरा धूर सोडते. लोक म्हणतात बोअर गेला, आणि नाहक बोअर करून घेतात! दुसऱ्या बाजूचा सील गेला, तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, गाडी थ्रॉटल सोडल्यावरही वरच्या सुरात ओरडत राहते आणि तापते. तापली की पिस्टन धरते. तेव्हा जुनी गाडी काढली की दोन्ही सील आधी बदला. त्याचा खर्च बोअर आणि नवा पिस्टन यांच्यापुढे काहीच नाही.

ऑइलचे प्रमाण जुन्या जावाला साधारण एकास पंचवीस, म्हणजे लिटरला चाळीस मिलिलिटर. पाच लिटर पेट्रोल तर दोनशे मिलिलिटर टू-टी ऑइल. गाडीची पुस्तिका असेल तर तिच्यात लिहिलेले प्रमाण पाळा. काही जण जास्तीचे ऑइल ओततात, 'असू द्या, इंजिनाला बरे' म्हणून. पण त्याने प्लग काळा पडतो, सायलेन्सर चिकटाने भरतो. शिवाय ऑइलने जेवढी जागा घेतली तेवढे पेट्रोल कमी झाले, म्हणजे जळण उलट विरळच झाले! आणखी एक गोष्ट घाट उतरताना. कुंभार्ली किंवा आंबोलीसारखा लांब घाट तुम्ही थ्रॉटल पूर्ण बंद करून, गिअरवर गाडी अडवीत उतरलात, तर इंजिन भराभर फिरते आहे पण पेट्रोल जात नाही. आणि पेट्रोल जात नाही म्हणजे ऑइलही जात नाही. जुनी माणसे उतारावर मधूनमधून मूठ जराशी पिळत, ती हौस म्हणून नव्हे. चालताचालता गाडीचा आवाज एकाएकी दबला, ती जड झाली, तर क्षणाचाही विचार न करता क्लच दाबा. चाक अडून पडण्यापासून तेवढ्यानेच वाचाल.

इथे आपल्या उसाची गोष्ट आली. २०२५ पासून देशात पंपावर मिळते ते पेट्रोल बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या साखर कारखान्यांना त्यातून चार पैसे मिळतात, ऊसवाल्याच्या बिलालाही त्याचा आधार आहे, तेव्हा त्याबद्दल वाकडे बोलायचे कारण नाही. पण आबांच्या फटफटीला ते सहज मानवत नाही. एक तर इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते; टाकीत महिनोन्महिने पेट्रोल पडून राहिले तर ते पाणी तळाला बसते आणि पत्रा आतून गंजतो. दुसरे, जुन्या काळची रबरे, कार्बोरेटरचे वॉशर, पेट्रोलची नळी त्याने फुगतात, मऊ पडतात. तिसरे जरा हिशेबाचे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊच किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला या नव्या मिश्रणाचे जळण जास्त लागते, आणि कार्बोरेटरचा जेट तर जुन्याच पेट्रोलच्या मापाचा! परिणाम तोच, विरळ मिश्रण आणि तापलेला पिस्टन. उपाय अवघड नाही. नळ्या आणि वॉशर नव्या जातीच्या रबराचे घाला, मुख्य जेट एक आकडा मोठा घालून पाहा, गाडी पंधरा दिवसांहून जास्त उभी राहायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. जेट बरोबर बसला की नाही हे प्लग सांगतो. दहा किलोमीटर दमाने चालवून प्लग काढा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर जळण कमी पडते आहे, काळा ओला असेल तर जास्त होते आहे.

एवढे झाले, गाडी सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या किकला बोलू लागली, की मग रानाचा विचार. जावाचा किकचा आणि गिअरचा लिव्हर एकच. आत दाबून उभा केला की किक, खाली पाडला की गिअर. नव्या पोरांना हे शिकायला दोन दिवस लागतात, आबांनी शिकवावे. गिअर टाकताना पायानेच क्लच सुटतो ही सोयसुद्धा याच गाडीची. खाचखळग्यात डावा हात मुठीवर घट्ट ठेवता येतो.

रानात वेग नको, ओढ हवी. जावाची शक्ती साधारण बारा अश्वशक्ती, ती काही वाढायची नाही. पण ती चाकापर्यंत कशी पोचवायची हे तुमच्या हातात आहे. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १८ दात आहेत आणि मागच्याला ४५. गुणोत्तर झाले अडीच. आता पुढचे स्प्रॉकेट काढून १६ दातांचे बसवले तर गुणोत्तर होते २.८१. मागच्या चाकाची ओढ साडेबारा टक्क्यांनी वाढली. आणि इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना पूर्वी गाडी ताशी ८० किलोमीटर धावत होती, त्याच फेऱ्यांना आता ७१ धावेल. निसर्ग एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने घेतो. शिक्षक मित्रहो, मुलांना गुणोत्तर आणि व्यस्त प्रमाण शिकवायला याहून बरे उदाहरण मिळेल का? सायकल उलटी उभी करून पुढचे-मागचे दात मोजायला लावा, पोरे आपण होऊन हिशेब करतात. असो. हा बदल संपूर्ण पान्याचा आहे, दीड-दोन तासांचे काम, आणि खर्चाच्या मानाने त्याइतका गुण दुसरा कोणताही बदल देत नाही. चेन मात्र त्याबरोबर नवीच घाला. झिजलेली चेन नव्या दातांना दोन महिन्यांत खाऊन टाकते.

मडगार्डाचे आबांना सर्वांत वाईट वाटते, आणि नेमका तिथेच नातवाचा मुद्दा खरा आहे. तुम्ही वऱ्हाडातले किंवा मराठवाड्यातले असाल तर सांगायलाच नको. पहिला पाऊस झाला की काळी माती चाकाला अशी चिकटते की मडगार्ड आणि टायर यांच्यात गच्च भरून चाक फिरायचेच थांबते. माणूस काडी घेऊन चिखल उकरत बसतो. जावाचे पुढचे मडगार्ड टायरला बिलगून असते, दिसायला देखणे पण काळ्या मातीत कुचकामाचे. कोकणातल्या जांभ्या मातीत ही अडचण एवढी येत नाही. उपाय असा, की मूळ मडगार्ड उतरवून माळ्यावर ठेवायचे आणि दुसरे साधे, टायरपासून चार बोटे उंच बसेल असे, नटबोल्टने लावायचे. मडगार्ड अजिबात न लावणे हा शहाणपणा नव्हे. पुढच्या चाकाने उडवलेला गारा थेट डोळ्यात येतो, आणि मागच्या चाकाचा मागून येणाऱ्याच्या.

गोट्यांचे टायर चिखलात आणि मुरमात चांगली पकड देतात, पण ओल्या डांबरावर घसरतात. तुम्हाला रोज दहा किलोमीटर डांबर आणि एक किलोमीटर शिवार असेल तर दोन्हीकडे चालणारे मध्यम नक्षीचे टायर घ्या. जुन्या जावाचे चाक सोळा इंची, नंतरच्या येझदीच्या रोडकिंगचे अठरा इंची. मोठे चाक दगडावर सहज चढते, म्हणून रानासाठी गाडी निवडायचीच असेल तर रोडकिंग निवडावी असे माझे मत. जावा देखणी आहे, तिला सणावाराला काढा. चिखलात हवा थोडी कमी करतात, त्याने टायर पसरून पकड धरते; फार कमी केलीत तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून येतो. आणि ओढा ओलांडून आलात की शंभर पावले ब्रेक हलकेच दाबून चालवा. जुने ड्रम ब्रेक पाण्याने भिजले की काही क्षण लागतच नाहीत.

धुळीचे मघाशी राहिले. हवा क्रँकच्या घरातून जाते म्हटले ना, मग त्या हवेबरोबर धूळ गेली तर ती पिस्टन, रिंग आणि बेअरिंग या तिघांनाही कानशीसारखी घासते. एअर फिल्टर काढून टाकला की गाडीचा आवाज भारदस्त होतो आणि ती जोरात पळते असे पोरांना वाटते. उन्हाळ्यात फुफाट्याच्या वाटेने अशी गाडी एक हंगाम चालवा, बोअर करावाच लागेल. फिल्टर दर आठवड्याला धुवा, वाळवा, ऑइलचा हात द्या आणि पुन्हा बसवा.

आता सायलेन्सर. इथे मला माझा स्वतःचा मूर्खपणा सांगितला पाहिजे. तरुणपणी मी येझदीचे दोन्ही सायलेन्सर मागून वीतभर कापून घेतले. आवाज असा झाला की वेशीवरची कुत्री उठावीत, आणि चढावर गाडी मरू लागली. मिस्त्री म्हणाला कार्बोरेटर बिघडला. मी तो तीनदा उघडला. बिघडले होते ते नळकांडे. दोन टप्प्यांच्या इंजिनात धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून जाते, टोकाकडून परतते, आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण परत सिलिंडरात ढकलते. ती नेमक्या वेळी परतावी अशीच नळीची लांबी आणि फुगवटा ठरवलेला असतो. पूर्व जर्मनीतल्या एम.झेड. कारखान्याचे वाल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र इतके पुढे नेले की १९६१ साली त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर पळून पश्चिमेकडे गेला आणि ती विद्या जपानच्या सुझुकीला मिळाली. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सी.सी.ची जागतिक स्पर्धा जिंकली. ज्या नळीच्या आकारासाठी एवढे झाले, ती मी करवतीने कापली होती! सायलेन्सर दगडावर आपटू नये म्हणून वर घ्यायचाच असेल, तर मूळ नळ्या ठेवून द्या आणि तेवढ्याच लांबीच्या, तेवढ्याच पोटाच्या नव्या नळ्या करून घ्या. मांडीशी पत्र्याची जाळी लावायला विसरू नका.

या सगळ्यात कायदा कुठे बसतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे, आर.सी. बुकात नोंदलेला आणि कारखान्याने ठरवून दिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा बजावले. सांगाडा कापणे, दुसरे मोठे इंजिन बसवणे हे यात येते. कर्कश सायलेन्सरला वेगळा दंड आहे. गाडी घेण्यापूर्वी इंजिन आणि चॅसिसवरचे कोरलेले आकडे बुकाशी ताडून पाहा. बुकच नसलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी ती गाडी नव्हे, भंगार घेतलेत असे समजा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, पुढे दर पाच वर्षांनी. आजोबांच्या नावावरची गाडी ते हयात असतानाच नातवाच्या नावावर करून घ्या, मागाहून वारसाचे कागद जमवताना दमछाक होते.

२०२१ च्या जुलैपासून आणखी एक वाट निघाली आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करायला पाच हजार, आणि पाटीवर 'व्ही.ए.' ही अक्षरे. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही; प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे १९७० ची जावा घरात असेल तर आबा आणि नातू यांनी एकत्र बसून ठरवायला हवे, की तिला मूळ रूपात जपायचे की शिवारात वापरायचे. सांगाडा, इंजिन किंवा पत्रा यांना हात लागला तर पहिली वाट कायमची बंद होते. माळ्यावरच्या त्या पोत्याची किंमत इथे कळते.

राहता राहिले, न्यायची कुठे. गाडीवाट, पाणंद, आपले शिवार, मालकाला विचारून घेतलेला माळ. दुसऱ्याच्या बांधावरून नेऊ नका. चाकाने बांधाचा माथा खचला की तिथूनच पावसाचे पाणी फुटते आणि माती वाहून जाते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? राखीव वनात आणि अभयारण्यात गाडी घालणे गुन्हा आहे. आणि सड्यावर, कासच्या पठारासारख्या जागी, जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. त्यातच पावसाळ्यात फुले उगवतात. तिथे गोट्यांच्या टायरची एक रेघ उमटली तर ती वर्षानुवर्षे बुजत नाही.

पहिली फेरी शेतापर्यंतच करा, आबांना मागे बसवून. परत आलात की पाना घेऊन सगळे नट एकदा पाहा. जुनी गाडी पहिल्याच फेरीत हादऱ्याने निम्मे सैल करते. मग प्लग काढून त्याचा रंग बघा.